जादूगाराचें मौन

एखादी गोष्ट करण्यापूर्वीं ती बोलून दाखवावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां शिष्टाचाराचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केला तर तो नीतीचा आहे असें दिसून येईल. बोलणें आणि करणें यांचा मेळ ज्याच्या ठिकाणीं आहे, तो पुरुष आपल्या संतांनीं वंद्य मानिला. सावकार, वकील, वैद्य, शिक्षक, सरकार या सर्वांकडून आपली पहिली अपेक्षा हीच असते कीं, पुढें काय होणार तें त्यांनीं आधीं सांगावें. असें असतां एक धंदा मात्र असा आहे कीं, ज्याचा पहिला नियमच आधीं न सांगण्याचा. आणि गंमत अशी कीं, त्या न सांगण्याबद्दल आपण खुशीनें तिकिटाचे पैसे मोजतों. तो धंदा जादूगाराचा. जादूगार आपल्या प्रयोगाचा शेवट आधीं कां सांगत नाहीं, आणि त्याचें हें मौन प्रामाणिक समजावें कीं अप्रामाणिक, याचा विचार येथें करावयाचा आहे. विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. मलाही तो पुष्कळ वर्षें तसाच वाटत होता.

हा प्रश्न मीं प्रथम विचारला तेव्हां माझें वय नऊ वर्षांचें होतें. आम्ही जळगांवीं राहत असूं. मामांचें घर धुळ्यास. आणि चैत्रांत एकवीरा देवीची यात्रा भरली म्हणजे एरंडोल, पारोळें या मार्गानें एस. टी.च्या गाडींतून अण्णा, म्हणजे माझे वडील, आम्हां भावंडांना तिकडे घेऊन जात. खान्देशचें ऊन चैत्रांतच असें तापतें कीं, दिवसां यात्रेंत फिरणें नको व्हावें. म्हणून खरी यात्रा दिवे लागल्यावरची. त्या वर्षीं पांझरेच्या कांठीं एका जादूगाराचा तंबू लागला होता. प्रयोग ऐन रंगांत आला असतां त्यानें प्रेक्षकांपाशीं एक मनगटी घड्याळ मागितलें, आणि अण्णांनीं आपलें काढून दिलें. तें त्यांना लग्नांत सासऱ्यांकडून मिळालेलें. जादूगारानें तें रुमालांत गुंडाळलें, खलबत्त्यांत घातलें आणि सावकाश कुटलें. कांच फुटल्याचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला, आणि मी मोठ्यानें रडूं लागलों. जादूगार मात्र घड्याळाची आपल्याला जणूं आठवणच नाहीं अशा थाटानें पत्त्यांचे दोन खेळ करून मोकळा झाला. मग आढ्याला पहिल्यापासून टांगलेली एक कुलूपबंद पेटी खालीं उतरविण्यांत आली. तींत दुसरी, दुसरींत तिसरी, अशा पांच पेट्या निघाल्या. आणि शेवटच्या पेटींत अण्णांचें घड्याळ टिकटिक करीत होतें.

घरीं परततांना मीं विचारलें, "परत द्यायचंच होतं, तर त्यानं आधीं कां नाहीं सांगितलं?"

अण्णा म्हणाले, "सांगितलं असतं तर तूं रडला नसतास. पण मग आत्तां इतका हसलाही नसतास."

"तुम्हांला भीति नाहीं वाटली?"

"छे! एवढ्या माणसांदेखत घेतलंय त्यानं. न देऊन जातो कुठें?"

या दोन उत्तरांत माझ्या प्रश्नाचें बहुतेक सारें उत्तर होतें. पण तें समजण्यास मला चाळीस वर्षें लागलीं.

प्रथम धंद्याच्या बाजूनें पाहूं. हॉवर्ड थर्स्टन (१८६९–१९३६) या अमेरिकन जादूगाराच्या नांवानें जे नियम सांगितले जातात, त्यांत प्रयोगाचा परिणाम आधीं जाहीर करूं नये हा एक, आणि तोच प्रयोग त्याच प्रेक्षकांपुढें पुन्हां करूं नये हा दुसरा. वस्तुतः हे दोन्ही नियम एकच होत. कारण दुसऱ्यांदां केलेला प्रयोग म्हणजे आधीं सांगितलेला प्रयोगच. यामागचीं कारणें उघड आहेत. उजव्या मुठींतला रुपया डाव्या मुठींत जाणार असें सांगितलें कीं, सर्वांचे डोळे त्या दोन मुठींवर खिळतात; न सांगितलें तर तेच डोळे जादूगार जिकडे पाहील तिकडे पाहतात. हातचलाखीचें मर्म लोक समजतात तसें वेगांत नसून वेळेंत आहे. प्रयोग आतां सुरू झाला असें प्रेक्षकाला वाटतें, त्यापूर्वींच त्यांतला अवघड भाग उरकलेला असतो. शिवाय हात एखादे वेळीं चुकतोही. शेवट सांगितलेला नसेल तर जादूगार शांतपणें वाट बदलतो, भलताच शेवट करून दाखवितो, आणि मूळचा बेत फसला हें कोणाच्या स्वप्नींही येत नाहीं. मौन हें असें त्याचें शस्त्रही आहे आणि ढालही.

परंतु तिसरें कारण अधिक महत्त्वाचें. तें प्रेक्षकाच्या हिताचें आहे. हरिश्चंद्राचें आख्यान आपण शंभर वेळां ऐकलेलें असतें. राजाला राज्य परत मिळणार, रोहिदास उठून बसणार, हें देवळांत बसलेल्या पोराबाळांनाही ठाऊक असतें. तरी हरिदासबुवा स्मशानाच्या प्रसंगाशीं आले कीं म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून येतात. करुणाला शेवट ठाऊक असण्याची बाधा नाहीं. किंबहुना ठाऊक असल्यानें तो अधिकच गहिरा होतो. अद्भुताचें तसें नाहीं. भरतानें अद्भुताचा स्थायिभाव विस्मय हा सांगितला आणि त्याच्या कारणांत माया व इंद्रजाल यांचीही गणना केली. विस्मय म्हणजे मनानें मांडलेला हिशेब अकस्मात् चुकणें. ज्याला बेरीज आधींच सांगितली, त्याचा हिशेब चुकणार कसा? तेव्हां शेवट सांगून टाकणारा जादूगार सत्यवादी ठरेल, पण ज्या मालाचे पैसे त्यानें घेतले तोच माल देण्याचें त्यानें नाकारलें असें होईल.

हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेच्या चौथ्या अंकांत या गोष्टीचें सुंदर उदाहरण आहे. एक ऐंद्रजालिक उदयन राजापुढें आकाशांत देव दाखवितो, आणि आपला आणखी एक खेळ पाहावयाचा राहिला आहे, तो अवश्य पाहावा, असें सुचवून निघून जातो. खेळ कोणता हें सांगत नाहीं. थोड्याच वेळांत अंतःपुराला आग लागते; सागरिका आंत बांधलेली आहे हें कळतांच राजा ज्वाळांत उडी घेतो आणि तिला बाहेर आणतो; आणि मग आग कोठें आणि काय! सारें इंद्रजाल. हा सगळा बेत अमात्य यौगंधरायणाचा. आग खोटी आहे असें राजाला आधीं सांगितलें असतें तर तो आंत शिरला असता, पण त्या शिरण्याला कांहीं अर्थ उरला नसता. त्या खोट्या आगींत त्याचें प्रेम मात्र खरें ठरलें. तथापि येथें एक शंका मनांत राहते. राजानें या खेळाला संमति दिली होती काय? त्याच्या जिवाचा जो थरकांप झाला, तो करण्याचा अधिकार अमात्याला कोणीं दिला? नाटक सुखांत आहे म्हणून आपण ही शंका विसरतों. आयुष्य सुखांत असेलच याची हमी नसल्यामुळें तेथें ती विसरतां येत नाहीं.

न सांगणें आणि खोटें सांगणें यांतील सीमा कोठें आहे तें आतां पाहूं. आंबेठाणला १९२४ सालीं जन्मलेले रघुवीर भोपळे यांना अवघा महाराष्ट्र 'जादूगार रघुवीर' या नांवानें ओळखत होता. १९८४ सालीं त्यांचें निधन झालें. देशोदेशीं प्रयोग करून आल्यावर त्यांनीं लिहिलेल्या पुस्तकाचें नांवही 'प्रवासी जादूगार'. नांवाआधीं लागलेला हा 'जादूगार' शब्द म्हणजेच आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर होय. ज्यानें दारावरच्या पाटीवर लिहिलें कीं येथें तुम्हांला चकविण्यांत येईल, त्यानें आंत कसें चकविलें तें सांगितलें नाहीं म्हणून त्याला लबाड म्हणतां येत नाहीं. खेळाचा शेवट तो लपवितो. खेळ हा खेळ आहे, हें लपवीत नाहीं.

आणि आणखी एक वचन तो न बोलतां देत असतो. सुप्रसिद्ध बंगाली जादूगार पी. सी. सरकार यांनीं १९५६ सालीं लंडनमध्यें बी. बी. सी.च्या 'पॅनोरामा' या दूरदर्शन-कार्यक्रमांत एका तरुण मुलीला करवतीनें कापण्याचा प्रयोग केला. कापून झालें, पण ती पुन्हां उठून बसल्याचें दिसण्यापूर्वींच कार्यक्रम आटोपता घेण्यांत आला. झालें! मुलीचा खून झाला असें समजून घाबरलेल्या लोकांनीं बी. बी. सी.ला दूरध्वनीवर दूरध्वनी केले. या गोष्टीकडे विनोद म्हणून पाहतात. मला तींत एक सिद्धान्त दिसतो. प्रयोगाचा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक निर्धास्त बसतो, कारण रात्रीचा शेवट त्याला ठाऊक असतो. कापलेली मुलगी उठेल, फुटलेलें घड्याळ परत मिळेल, आणि आपण सर्व सुखरूप घरीं जाऊं, हा जो अलिखित करार असतो, त्याच्या पोटांत जादूगाराचें मौन सुरक्षित असतें. करार मोडल्याची नुसती शंका आली कीं मौनाचें भय होतें.

आतां याच्या उलट असलेल्या लोकांकडे वळूं. आठवड्याच्या बाजारांत पूर्वीं गारुडी येत. मुंगसाची आणि सापाची लढाई लावून दाखवितों, असें तो पहिल्यापासून ओरडून सांगे. टोपलीचें झाकण किंचित् उचली, मुंगसाची दोरी हलवी, डमरू वाजवी. आणि लढाई आतां लागणार, मग लागणार, अशा आशेवर आम्ही शाळा बुडवून उभे असूं. शेवटीं ताईत आणि जडीबुटी विकून गारुडी गांठोडें बांधी. लढाई कांहीं लागत नसे. जादूगार सांगत नाहीं पण करतो. हा सांगतो पण करीत नाहीं. बुवाबाजीचें सारें तंत्र या दुसऱ्या जातीचें आहे. मूल होईल, रोग जाईल, गुप्तधन सांपडेल, असा शेवट बुवा निःशंकपणें आधीं सांगतो. मार्ग तेवढा झांकून ठेवतो. आणि शेवट चुकला तर दोष भक्ताच्या श्रद्धेचा! श्रीलंकेंत डॉ. अब्राहम कोवूर यांनीं १९६३ सालीं, फसवणुकीला वाव न ठेवतां चमत्कार करून दाखविणाऱ्यास एक लक्ष रुपयांचें बक्षीस लाविलें. तें त्यांच्या हयातींत कोणालाही जिंकतां आलें नाहीं. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तथाकथित चमत्कार करून दाखवितात आणि लगेच त्यांतील युक्तीही सांगतात. जादूगाराच्या धंद्याचा पहिला नियम ते बुद्ध्याच मोडतात. कारण तेथें विस्मयाचा आनंद द्यावयाचा नसतो, भयाची बेडी तोडावयाची असते. या कार्याची किंमत काय पडते, हें २० ऑगस्ट १९१३ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखतच्या २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत झालेल्या दाभोलकरांच्या हत्येनें दिसून आलें. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला.

या सर्वांची मांडणी केली तर मनुष्याच्या व्यवहाराचे चार प्रकार होतात. जादूगार शेवटही झांकतो आणि मार्गही झांकतो. बुवा शेवट सांगतो, मार्ग झांकतो. भूमितीचा शिक्षक काय सिद्ध करावयाचें तें पहिल्या ओळींतच लिहितो आणि मग एकेक पायरी उघड करून दाखवितो. शास्त्रज्ञाची रीति हीच. एडमंड हॅली यानें १७०५ सालीं हिशेब प्रसिद्ध करून सांगितलें कीं, अमुक धूमकेतु १७५८ च्या सुमारास पुन्हां दिसेल. तो स्वतः १७४२ सालीं वारला. धूमकेतु १७५८ च्या डिसेंबरांत दिसला. चुकण्याची पूर्ण तयारी ठेवून, तारीख घालून, हिशेबासकट केलेलें भाकीत तें हें. आमच्या आखाजीला बुलढाणा जिल्ह्यांत भेंडवळ येथें घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीं पहाटें पाऊसपाण्याचें भाकीत सांगतात. तें ऐकावयास मोठी गर्दी जमते. पण 'साधारण' आणि 'कमी-अधिक' या शब्दांना चुकण्याची सोयच नसते, आणि जें चुकूं शकत नाहीं तें खरेंही ठरूं शकत नाहीं.

चौथा प्रकार शेतकऱ्याचा. त्याचा मार्ग उघडा आहे. नांगरणी, पेरणी, निंदणी सारें जगासमोर चालतें. शेवट मात्र झांकलेला, आणि तो त्याच्यापासूनही झांकलेला. कपाशीला बोंड किती धरेल आणि केळीला भाव काय येईल, हें त्याला कोणी सांगत नाहीं. आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं एका कवितेंत ज्योतिषालाच आपल्या दारीं येऊं नको असें बजावलें आहे. तरुणपणीं वैधव्य आलेल्या आणि शेतांत राबणाऱ्या या बाईला शेवट आधीं ऐकण्याची गरज वाटली नाहीं, यांत केवढें धैर्य आहे! आपण बहुतेक सर्व या चौथ्या वर्गांतले. आपली चूक अशी होते कीं, वर्ग आपला शेतकऱ्याचा असतांना, प्रसंग आला म्हणजे आपण बोलतों बुवाच्या भाषेंत.

ही चूक मीं केली. कांहीं वर्षांपूर्वीं अण्णांना मुंबईस एका रुग्णालयांत ठेविलें होतें. रोग पोटांतला होता आणि तो बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, असें डॉक्टरांनीं मला व्हरांड्यांत बाजूला घेऊन सांगितलें. आम्हीं भावंडांनीं एकमतानें ठरविलें कीं, अण्णांना हें कळूं द्यावयाचें नाहीं. एवढ्यावरच थांबलों असतों तर एक वेळ चाललें असतें. पण मी पुढें गेलों. त्यांच्या उशाशीं बसून मीं सांगितलें, "दिवाळीला आपण घरीं, अण्णा. तोंपर्यंत तुम्ही खडखडीत बरे होतां कीं नाहीं बघा." ते कांहीं बोलले नाहींत. दोन दिवस गेले. तिसऱ्या रात्रीं त्यांनीं मला जवळ बोलाविलें.

"धुळ्याचा तो जादूगार आठवतो?"

"आठवतो कीं."

"घड्याळ परत मिळणार, हें त्याला ठाऊक होतं, तरी तो बोलला नाहीं." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "तुला ठाऊक आहे कां रे?"

तर्कशास्त्र शिकविण्यांत माझें अर्धें आयुष्य गेलें आहे. पण इतका नेमका प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. जादूगाराला शेवट ठाऊक असतो आणि तो गप्प राहतो. मला शेवट हातीं नव्हता आणि मी बोलत होतों. मीं डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे त्यांना सांगितले. त्यांनीं डोळे मिटले, मग उघडले, आणि "मला जळगांवीं घेऊन चल," एवढेंच म्हणाले. पुढच्या आठवड्यांत त्यांनीं एका जुन्या स्नेह्याचे राहिलेले पैसे स्वहस्तें फेडले, धाकट्या बहिणीला धुळ्याहून बोलावून तिच्याशीं कित्येक वर्षांचा अबोला सोडला, आणि घराचे कागद मला समजावून दिले. दिवाळी त्यांनीं घरींच पाहिली. मार्गशीर्षांत ते गेले. माझें भाकीत अर्धें खरें ठरलें म्हणावयाचें. परंतु अर्धें खरें ठरल्यानें तें निर्दोष होत नाहीं. मीं सत्य सांगितलें नसतें, तर ते पैसे फिटले नसते आणि तो अबोला सुटला नसता. माझ्या दयेनें मी त्यांचें घड्याळ घेऊन बसलों होतों, आणि तें परत देणें माझ्या हातीं नव्हतें.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक रोग्याला सत्य झेपतेंच असें नाहीं. मला हें मान्य आहे. "मला कांहीं सांगूं नका, तुम्हींच पाहा," असें म्हणणारीं माणसें असतात. त्यांनीं आपणहून तंबूचें तिकीट काढलें आहे. त्यांच्यापाशीं मौन पाळणें हा अपराध नव्हे. पण तेथेंही मौनच पाळावें. खोटें वचन देऊं नये. माझ्या मतें शेवट लपविण्याचा अधिकार तीन अटींवर मिळतो. ज्याच्यापासून लपवावयाचा त्याची त्या लपवण्याला संमति हवी. घेतलेली वस्तु परत देणें आपल्या हातीं हवें. आणि घेणें दहाजणांदेखत झालेलें हवें. धुळ्याच्या जादूगारानें तिन्ही अटी पाळल्या होत्या. मीं एकही पाळली नव्हती.

जळगांव आणि धुळें यांच्यामध्यें, थोडें आडबाजूस, अमळनेर आहे. तेथें १९१६ सालीं श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें तत्त्वज्ञान मंदिर निघालें आणि अद्वैत वेदान्ताचा अभ्यास तेथें विशेष झाला. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत शंकराचार्यांनीं मायावी पुरुषाचा दृष्टांत दिला आहे: ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशांत चढतांना दिसणारा तो एक, आणि जमिनीवरच उभा असलेला खरा मायावी तो दुसरा. आमच्यापासून शेवट लपविणारा जगाचाही कोणी असा सूत्रधार जमिनीवर उभा आहे काय, त्याला शेवट ठाऊक आहे काय, आणि घेतलेलें घड्याळ तो परत देणार आहे काय? श्रद्धावंत 'हो' म्हणतात; त्यांचा मला हेवा वाटतो. मला तें ठाऊक नाहीं, आणि ठाऊक नसतांना सांगण्याची संवय आतां सुटली आहे.

दर वर्षीं जूनमध्यें नवा वर्ग येतो. यावलचीं, चोपड्याचीं, साक्रीचीं शेतकऱ्यांचीं मुलें. पहिल्याच आठवड्यांत एखादा धीट मुलगा विचारतो, "सर, हें शिकून नोकरी लागेल ना?" पूर्वीं मी बेधडक "लागेल" म्हणत असें. आतां मी त्याला वर्षभर काय शिकवणार, कसें शिकवणार, आणि त्याला स्वतः काय करावें लागेल, तें सविस्तर सांगतों. पुढचें मला ठाऊक नाहीं, हेंही सांगतों. मुलगा थोडा हिरमुसतो. पण दुसऱ्या दिवशीं तो वर्गांत आलेला असतो.